टनाला तीन ग्रॅम

तीर्थपुरीच्या जमिनीत सोनं नाही. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव ज्या काळ्या फत्तरावर वसलंय, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला. त्यात सोन्याच्या शिरा नसतात. तरीही सोन्याचा विषय या गावाला परका नाही. मृग तोंडावर आला की बी-बियाणं आणि खताची जुळणी करायला घरातली पोत, पाटल्या, कानातले झुबे बँकेत नाहीतर सावकाराकडे जातात; ऊस तुटला, बिल जमा झालं की त्यातले काही परत येतात.

आबा इथलेच, ऊस आणि मोसंबी करणारे. त्यांची पुतणी भूविज्ञान शिकली आणि नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला सोन्याच्या प्राथमिक शोधाचं काम करून आली. दोघांत जो वाद झाला तो इथं मांडतो आहे. महाराष्ट्रात दर काही वर्षांनी ‘सोन्याची खाण सापडली’ अशी बातमी येते, पण त्या बातमीत काय पाहायचं हे वाचकाला कुणी सांगत नाही, म्हणून.

आबा : मला सरळ सांग. सरकारनं पगार दिला, जीप दिली, मशीन दिली. सापडलं का सोनं?

पुतणी : सापडलं आबा. पण तुम्ही ज्याला सापडणं म्हणता तसं नाही. भिवापूर-उमरेडकडे, परसोडीसारख्या गावांच्या शिवारात, साकोली गटाचे फार जुने खडक आहेत. भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली असा त्यांचा पट्टा पसरलाय. त्यात गारगोटीच्या शिरा आहेत आणि काही शिरांमध्ये सोनं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं ते तपासून नोंदवलंय. मात्र ते डोळ्यांना दिसत नाही.

आबा : उतारा किती पडतो?

पुतणी : उसाच्या भाषेत विचारता आहात तर त्याच भाषेत सांगते. आपल्या कारखान्यात टनभर ऊस गाळला की शंभर-एकशेदहा किलो साखर निघते. सोन्याच्या दगडाला टनाला तीन ग्रॅम मिळाले तर आम्ही खूश होतो. दहा ग्रॅमला सव्वातीन टनांच्या वर दगड.

आबा : आणि चिपाडाचं काय? उसाचं चिपाड बॉयलरला जातं, त्यावर वीज होते. मळीचं स्पिरिट होतं. गाळून उरलेला गाळसुद्धा आम्ही रानात टाकतो. तुमच्या टनभर दगडातले तीन ग्रॅम काढल्यावर बाकीचा दगड कुठं जातो?

हा प्रश्न ऐकून पुतणी थोडा वेळ गप्प राहिली. सोन्याच्या अर्थकारणावर लिहिणारे बहुतेक लोक त्याला बगल देतात. आबा रोज गव्हाणीत ऊस पडताना पाहतात, म्हणून त्यांनी तो पहिल्या दमातच विचारला.

पुतणी : तो तिथंच राहतो. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. तीन किलोमीटरहून खोल गेली होती ती, आणि सव्वाशे वर्षांच्या आसपास चालली. आठशे टनांच्या वर सोनं निघालं. मागं राहिले सायनाइडनं धुतलेल्या भुकटीचे डोंगर, तीन कोटी टनांच्या वर. वारा सुटला की ती भुकटी वस्तीवर येते. मी ते पाहिलंय, तुमच्यापासून कशाला लपवू? पण आबा, कोलार ही खाण होती. मी जे केलं ते खाणीच्या कितीतरी आधीचं काम आहे.

आबा : आधीचं म्हणजे किती आधीचं?

पुतणी : आमच्याकडे चार पायऱ्या आहेत. जी-४, जी-३, जी-२, जी-१. चारपासून सुरुवात करून एकपर्यंत यायचं. जी-४ मध्ये नकाशा करायचा, ओढ्यातली बारीक वाळू गोळा करायची, उघड्या खडकाचे तुकडे फोडायचे, थोडे चर खणायचे. कुठं खूण दिसली तरच जी-३, म्हणजे लांब-लांब अंतरावर ड्रिल. मग जी-२ ला ती भोकं जवळ-जवळ. जी-१ झाल्यावर कुणीतरी हिशेब करतो की खाण परवडते का. जी-४ ला पाहिलेल्या जागांपैकी अगदी मोजक्याच तिथवर पोहोचतात. पोहोचल्या तरी पहिल्या खुणेपासून खाणीपर्यंत दहा-वीस वर्षं सहज जातात.

आबा : म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही हात हलवत परत येता.

पुतणी : बहुतेक वेळा ‘नाही’ असं लिहून परत येतो. ते लिहिणं हेच आमचं काम आहे.

आबा : हे मला पटत नाही. माझ्या रानात बोअर कोरडी गेली तर पैसे माझे जातात, मी रडतो आणि गप्प बसतो. तुमचं भोक कोरडं गेलं की तुम्ही त्याला ‘माहिती’ म्हणता.

पुतणी : कारण ते लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या कोरड्या बोअरचं कुणी काही लिहून ठेवलं का? किती फुटांवर मुरूम संपला, कुठं मांजऱ्या लागला, कुठं कठीण फत्तर? शेजारच्यानं पुढच्या वर्षी त्याच बांधापलीकडे पुन्हा नारळ हातात घेतलेला पाणाड्या बोलावला आणि तोही कोरडा गेला. आम्ही असं करत नाही. ड्रिलमधून दगडाचा गोल दांडा निघतो, साधारण पाच सेंटीमीटर जाड. तो लांब ट्रेमध्ये ओळीनं मांडायचा, प्रत्येक मीटरला खोलीचा आकडा घालायचा. मग करवतीनं तो उभा चिरायचा. अर्धा भाग कुटून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा तसाच जपून ठेवायचा.

आबा : अर्धा कशापायी ठेवायचा?

पुतणी : उद्या कुणी म्हणालं की तुम्ही आकडा खोटा लिहिलात, तर तो अर्धा पुन्हा तपासता यावा म्हणून. शिवाय पाठवलेल्या नमुन्यांत आम्ही मुद्दाम काही कोरे दगड घालतो, ज्यात सोनं नाही हे आम्हाला माहीत असतं, आणि काही असे की ज्यांचा कस आधीच ठाऊक असतो. प्रयोगशाळेला ते सांगायचं नाही. कोऱ्या दगडात सोनं आलं की समजायचं, कुठंतरी गडबड आहे.

इथं तिनं बुसांगची गोष्ट सांगितली, आणि ती प्रत्येक भागधारकाला माहीत असायला हवी. कॅनडाची ब्री-एक्स ही कंपनी इंडोनेशियाच्या बोर्निओतल्या बुसांगच्या जंगलात सोनं शोधत होती. नव्वदच्या दशकात तिनं जगातला सर्वांत मोठा साठा सापडल्याचं जाहीर केलं आणि शेअर आकाशाला भिडला. या कंपनीनं दगडाचा दांडा चिरून अर्धा ठेवण्याची पद्धत मोडली होती. अख्खा दांडा कुटला जायचा. कुटलेल्या भुकटीत बाहेरून सोनं मिसळलं जात होतं. मार्च १९९७ मध्ये कंपनीचा भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून पडून मेला, दुसऱ्या कंपनीनं शेजारीच स्वतःची भोकं पाडली तर त्यांत नाव घेण्यासारखं सोनं नव्हतं, आणि सामान्य लोकांची पेन्शनची पुंजी बुडाली. त्यानंतर कॅनडानं नियम कडक केले.

आबा : तुझ्याच तोंडून ऐकलं. असल्या धंद्यात खरं कमी आणि हवा जास्त.

पुतणी : हवा कोण भरतं ते बघा ना. सोनभद्र आठवतं? फेब्रुवारी २०२०. उत्तर प्रदेशात तीन हजार टन सोनं सापडलं म्हणून सगळ्या चॅनेलवर दिवसभर चाललं होतं. तुम्हीच मला फोन केला होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २२ फेब्रुवारीला खुलासा केला : ५२,८०६ टन खनिज, टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून १६० किलो. आकडा पहिल्यापासून कागदावर होता. तो वाचला कुणी नाही.

आबा : आणि चंद्रपूरचं? मुख्यमंत्रीच बोलले होते.

पुतणी : डिसेंबर २०२२. मिंझरी आणि बामणी या दोन ब्लॉकची नावं घेतली गेली. ब्लॉक म्हणजे तपासायला आखलेली जागा. बातम्यांनी त्याची ‘सोन्याची खाण’ केली. त्या दोन गावांतल्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार करा. एकाला वाटलं असेल जमिनीचा भाव वाढणार, दुसऱ्याला वाटलं असेल जमीन जाणार. दोघांनाही जी-४ आणि जी-१ मधला फरक कुणी सांगितला नाही.

आबा : मी त्या दुसऱ्याच्या जागी बसतो बघ. माझ्या वावरात चार माणसं आली, दगड फोडला, पिशवीत भरला, चिठ्ठी लावली आणि गेली. मी विचारलं, काय निघालं? ते म्हणाले, साहेब ठरवतील. मग वर्षभर काही नाही. मग एक दिवस मशीन येतं आणि भोक पाडतं. ते भोक तसंच उघडं राहतं. पोरं बोअरमध्ये पडल्याच्या बातम्या वाचतो की नाही आपण? गावाला या टप्प्यावर मिळतं काय? जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा खाण चालू झाल्यावर येतो. शोधाच्या दहा-वीस वर्षांत गावाच्या वाट्याला नुसती धास्ती.

पुतणी : भोक सिमेंटनं बुजवलंच पाहिजे, त्यावर माझं दुमत नाही. जो बुजवत नाही तो गुन्हा करतो. आणि काय निघालं हे गावाला सांगत नाहीत, हेही खरं आहे. अहवाल इंग्रजीत असतो, नागपूरच्या किंवा कोलकात्याच्या कार्यालयात जातो. आता डिसेंबर २०२३ पासून राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारात बरीच माहिती कुणालाही बघता येते. पण बघायला इंग्रजी आणि भूविज्ञान दोन्ही यायला हवं.

आबा : मग ती माहिती कुणाची?

या प्रश्नावर मी पूर्णपणे आबांच्या बाजूनं आहे. शोधाला खर्च लागतो, तो जनतेच्या करातून येतो; निदान ‘तुमच्या शिवारात काही नाही’ हे वाक्य तरी ज्याच्या शिवारात चर खणला त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे.

पुतणीनं मग वाद दुसरीकडे नेला, आणि तो तिचा सर्वांत भक्कम मुद्दा होता.

पुतणी : आबा, तुम्ही दर वर्षी रानात झिंक सल्फेट टाकता. का टाकता?

आबा : माती परीक्षणात झिंक कमी आलं म्हणून.

पुतणी : सर्वेक्षणाचे लोक ओढ्यातली गाळाची माती गोळा करतात तेव्हा ते फक्त सोनं शोधत नाहीत. देशभर एक-एक किलोमीटरच्या चौकोनातून नमुने घ्यायचे, चार चौकोनांचे एकत्र करायचे आणि त्यात साठहून जास्त मूलद्रव्यं मोजायची, असं काम वर्षानुवर्षं चाललंय. त्यात जस्त येतं, आर्सेनिक येतं, फ्लोराइड येतं. सोनं अब्जात किती भाग आहे इथपर्यंत मोजतात. त्या नकाशावर सोनं नसलं तरी तुमच्या मातीत आणि पाण्यात काय आहे ते दिसतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडच्या पाण्यानं दात आणि हाडं गेली. कुठल्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही हे असल्या मोजणीशिवाय कसं कळणार?

आबा : हे मात्र चांगलं. पण मग याच कामाला पैसा द्या ना. पाण्याला द्या. या जालना जिल्ह्यानं २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या. जायकवाडीचा डावा कालवा आहे, पण धरणात पाणी असेल तर. जमिनीखाली पाणी कुठं साचतं, कुठं झिरपतं, हे प्रत्येक गावाला भोक पाडून मोजा. सोनं आपण आयात करतोच.

पुतणी : वर्षाला सातशे-आठशे टन आयात करतो. आणि देशात निघतं किती? दीड टनाच्या आसपास, जवळजवळ सगळं हुट्टीतून.

आबा : मग तू दहा खाणी काढल्यास तरी ती आयात थांबेल का?

पुतणी : नाही थांबणार.

तिनं हे ताबडतोब मान्य केलं, आणि मला तिचा आदर वाटला. सोन्याच्या शोधाची बाजू मांडणारे सगळे जण आयातीचा आकडा पुढे करतात, जणू परसोडीच्या शिरांतून तो भरून निघणार आहे. महाराष्ट्रातले सोन्याचे ज्ञात साठे इतके छोटे आहेत की त्यातून देशाचा एका आठवड्याचाही हिशेब बदलेल असं दिसत नाही. शोध घ्यायचा तर त्याचं कारण दुसरं असायला हवं.

आबा : हुट्टी म्हणालीस. ते रायचूरकडचं?

पुतणी : हो. आणि रायचूर आणि जालना एकाच राज्यात होते, निजामाच्या. तुमच्या आजोबांचा सारा ज्या हैदराबादला जायचा, त्याच दरबाराच्या हद्दीत हुट्टी होती. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीही लोक दगड फोडून सोनं काढत होते, त्यांची जुनी खणती सापडली आहेत. इंग्रज कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पुन्हा चालवली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला सोडून दिली. १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी उभी राहिली. ती खाण आजही चालू आहे. सोडून गेलेल्यांच्या नोंदी राहिल्या म्हणून नंतरच्यांना कुठं खणायचं ते कळलं.

आबा : आणि मस्की पण तिकडंच ना? अशोकाचा लेख?

पुतणी : तिकडंच. तो १९१५ मध्ये कुणाला सापडला माहीत आहे? बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीच्या अभियंत्याला. तोवर सापडलेल्या लेखांत राजाचं नाव नुसतं ‘देवानांप्रिय प्रियदर्शी’ असं असायचं. मस्कीच्या दगडावर ‘अशोक’ हे नाव होतं.

आबांना हे फार आवडलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

आबा : बरं, आपल्या खाली काय आहे? या फत्तराच्या खाली?

पुतणी : ३० सप्टेंबर १९९३ ला मराठवाड्यातल्याच किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथं ६१७ मीटर खोल भोक पाडलं. वरचे ३३८ मीटर काळा फत्तर निघाला, म्हणजे अकराशे फूट. त्याच्याखाली थोडा जुना गाळ आणि मग अब्जावधी वर्षांचा जुना खडक. रायचूरकडचे खडक ज्या भूखंडाचे, त्याच भूखंडाचा उत्तरेकडचा भाग मराठवाड्याखाली दडलाय असं मानतात.

आबा : म्हणजे खाली सोनं असेलही!

पुतणी : असेलही. आणि ते शोधायला आज एक रुपयासुद्धा घालू नये असं माझं मत आहे. अकराशे फूट फत्तर फोडून, टनाला तीन ग्रॅमच्या आशेवर खाण कुणालाच परवडणार नाही. ‘असेलही’ या शब्दावर पैसे गोळा करणारा कुणी तुमच्या दारात आला, तर त्याला हे किल्लारीचं सांगा.

आबा : असले येतात. रात्री गुप्तधन खणणारेही येतात. कुठल्या पडक्या गढीत हंडा आहे म्हणून लिंबू-नारळ घेऊन फिरतात.

पुतणी : सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा ठरले. पण शोधाचा परवाना दाखवून फसवणारा अजून अवघड, कारण त्याच्या हातात खरा कागद असतो. खाण कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं सोन्यासकट २९ खनिजांच्या शोधासाठी खासगी कंपन्यांना वेगळा परवाना मिळायची सोय झाली आहे. चांगल्या कंपन्याही येतील आणि नुसता शेअर फुगवणाऱ्याही येतील. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉनमध्ये हे फार वर्षं चाललंय. १८९६ नंतरच्या क्लोंडाइकच्या गर्दीत लाखभर माणसं घरदार सोडून निघाली, पोहोचली निम्म्याहून कमी, आणि श्रीमंत झाली ती मूठभर. आजही तिथं कायम गोठलेल्या जमिनीतून मातीचे हजारो नमुने काढतात, उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत, हेलिकॉप्टरनं माणसं उतरवून. पण तिथं एक नियम मला आवडतो : आखलेली जागा हातात ठेवायची तर दरवर्षी तिच्यावर ठरावीक किमतीचं काम करून दाखवायचं किंवा तेवढे पैसे भरायचे. कागद घेऊन नुसतं बसून राहता येत नाही.

आबा : आपल्याकडं कागद घेऊन बसणारेच जास्त.

पुतणी : म्हणूनच मी म्हणते, शोध सरकारनं करावा, थोडा करावा, नीट करावा आणि ‘नाही’ आलं की ते मोठ्यानं सांगावं.

आबा : आणि ‘हो’ आलं तर?

पुतणी : तर आधी गावाला सांगावं, नंतर लिलाव.

आबा : हे लिहून देशील?

ती हसली नाही. ती म्हणाली, देते.

जालन्याच्या सराफ्यात अजूनही झारेकरी दिसतात. दुकानांसमोरची धूळ पहाटे झाडून नेतात, पाट्यात घालून पाण्यानं हळूहळू धुतात; हलकी माती वाहून जाते, जड कण तळाशी राहतात. वैनगंगेच्या खोऱ्यातले सोनझरी लोक ओढ्याची वाळू याच रीतीनं धूत आले, आणि सर्वेक्षणाची माणसं जी-४ ला ओढ्यावर पाटा घेऊन बसतात तेव्हा हेच करतात. आबांनी मला विचारलं की मग या झारेकऱ्याला कुठल्या अहवालात जागा आहे का. मला ठाऊक असलेल्या कुठल्याही अहवालात नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या ओढ्यांत सोनं धुतलं गेलं त्या ओढ्यांची नावं या लोकांना तोंडपाठ असतात. शोधाच्या पहिल्या पायरीवर त्यांना मजुरीला न लावता सोबत घेऊन काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाद मिटला नाही. आबांचं म्हणणं कायम आहे की जालन्यात ड्रिलचा पहिला मान पाण्याचा. पुतणीचं म्हणणं कायम आहे की जमिनीखाली काय आहे हे माहीत नसलेला देश कुणाच्याही थापेला बळी पडतो. मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. ज्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं ती अमलात आणायला नवा कायदाही लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरेल : ज्या गावाच्या शिवारात शोधाचा चर किंवा भोक पडलं, त्या गावाच्या ग्रामसभेत काम संपल्यावर एकपानी मराठी निवेदन वाचून दाखवायचं. कुठली पायरी झाली, किती भोकं पाडली, ती बुजवली का, टनाला किती ग्रॅम आलं, आणि काहीच आलं नसेल तर तसं.

भिवापूर, उमरेड, साकोली, लाखनी, चंद्रपूरकडच्या ज्या वाचकांच्या बांधावर अशी माणसं पिशव्या घेऊन येऊन गेली असतील, त्यांनी येत्या ग्रामसभेत हे पान मागावं. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.